शेवटच्या सामन्यातला झेंडा

बाबा, आज आपला क्लब वाचला. हरलो असतो तर खालच्या गटात गेलो असतो. बरोबरी झाली म्हणून राहिलो. आपला गोल सरळसरळ ऑफसाइड होता, पास सुटला तेव्हा आपला पोरगा त्यांच्या बचाववाल्यांच्या पुढेच उभा होता. लाइनवरच्या माणसाने झेंडा खालीच ठेवला, पंचांनी गोल दिला, आणि मी, गुडघ्याला पट्टा बांधलेली बाई, अर्ध्या विश्रांतवाडीसमोर उड्या मारल्या. तुम्हाला कळावं म्हणून मुद्दाम लिहितेय. दादा शेजारीच होता. तो म्हणाला, "आज बाबा असते ना, तर आपण गेलोच होतो." हसला, आणि वर म्हणाला, "बिचाऱ्यांना दिसायचंच कमी." बिचाऱ्यांना! त्याच्या तोंडून तुमच्यासाठी हा शब्द ऐकला की माझ्या अंगाची लाहीलाही होते. तुम्हाला वैकुंठात पोचवून इतकी वर्षं झाली, पण माझा राग काही तुमच्याबरोबर गेला नाही.

त्या काळी लीगकडून शिट्टीवाला पंच तेवढा यायचा. दोन बाजूंच्या लाइनवर दोन्ही क्लबांनी आपापला एकेक माणूस झेंडा घेऊन उभा करायचा. आपल्या माणसाने आपल्यांसाठी थोडी डोळेझाक करायची, हे सगळ्यांनी धरलेलंच असे. समोरचेही तेच करायचे, म्हणजे फिटंफाट. सबंध लीगमध्ये ही रीत न पाळणारा एकच माणूस होता आणि तो नेमका आमच्या घरात होता. कारखान्यात तुम्ही तपासनीस होतात, हातात आलेला प्रत्येक भाग पास किंवा नापास करायचात, आणि घरी आल्यावरही तुमचं खातं बंद होत नसे. जेवायला बसलात की पोळी खिडकीच्या उजेडात धरायचात. "ही एका बाजूला जाड आहे." आई म्हणायची, "अहो, ती पोळी आहे, वॉशर नव्हे." रविवारी सकाळी मी तिच्या ओट्याशी लिंबांच्या फोडी करून मिठात घोळवायचे, डब्यात भरायचे आणि डबा घेऊन तुमच्या मागून मैदानावर जायचे. खेळायला दादा, झेंड्याला तुम्ही, लिंबांना मी. आई म्हणायची, सगळं घर उठून बॉलच्या मागे लागलंय.

त्या मोसमात आपण एकसारखे हरत होतो. शेवटचा सामना जिंकला तरच वरच्या गटात राहणार होतो. आणि दादाचं तर वेगळंच टांगून होतं. एका सरकारी कंपनीचा संघ खेळाडूंना नोकरी देऊन घेत असे, पण फक्त वरच्या गटातले. त्यांचा माणूस दादाला दोनदा बघून गेला होता. "गटात राहा, पुढच्या मोसमात बोलावतो," म्हणाला होता. दादा बारावीला दोनदा आपटलेला. दुसरं कोण बोलावणार होतं त्याला? हे तुम्हाला माहीत होतं, बाबा. आईने त्या सकाळी तुम्हाला पुन्हा ऐकवलंही होतं, आणि तुम्ही वर्तमानपत्राची घडी घालत "हं" म्हणाला होतात.

मला अजून सगळं दिसतं. शून्य-शून्य चाललंय. शेवटची काही मिनिटं राहिलीत. मधून पास येतो, दादा डावीकडून सुटतो आणि बॉल जाळीत. आपली माणसं मैदानात धावत सुटतात. आणि तुमचा हात वर. ताठ. कोपरातसुद्धा वाक नाही. पंच तुमच्याकडे बघतात, शिट्टी वाजवतात आणि गोल रद्द होतो. दादा धापा टाकत तुमच्यापर्यंत येतो, "बाबा, खाली घ्या," एवढंच म्हणतो. "पुढे होतास," तुम्ही म्हणता, आणि त्याच्या डोक्यावरून मैदानाकडे बघत राहता. सामना तसाच संपला. आपण खाली गेलो, कंपनीचा माणूस पुन्हा फिरकला नाही, आणि दादाने टेंपो चालवायला घेतला तो कंबर जाईपर्यंत चालवला. त्या दिवशी जेवताना तुम्ही म्हणालात, "चूक ती चूक. आपल्या पोराची असली म्हणून काय झालं?" आणि आमटी मागून घेतलीत. दोनदा. दादा ताटावरून उठून गेला होता. तिथेच मी ठरवलं, ह्या माणसाला सोडायचं नाही.

संधी लगेच आली. दुसऱ्याच संध्याकाळी अध्यक्षांच्या किराणा दुकानामागे बैठक होती आणि सगळे तुमच्यावर घसरले होते. "कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ," कुणीतरी तुमच्या तोंडावर म्हणालं. तुम्ही शांत होतात. आपण बरोबर आहोत हे माहीत असलेल्या माणसाचा तो शांतपणा मला सहन होईना. मग अध्यक्ष माझ्याकडे वळले. "अगं, तू डबा घेऊन तिथेच होतीस ना? खरं सांग. पुढे होता का तो?"

"मागे होता," मी म्हणाले. "चांगला मागे होता. बाबांना हल्ली नीट दिसत नाही. घरीसुद्धा कळतं आम्हाला."

झेंडा तिथल्या तिथे तुमच्याकडून काढून घेतला. घरी जाताना निम्म्या वाटेत तुम्ही थांबलात.

"तुला खरंच तसं दिसलं?"

"हो."

"नक्की?"

"शपथ घेऊ?"

"नको," तुम्ही म्हणालात. "तू कशाला खोटं बोलशील?"

मग सुरू झाले चष्मे. सदाशिव पेठेतल्या डॉक्टरांनी नंबर बदललेला नाही म्हणून सांगितलं, तर तुम्ही कर्वेनगरला दुसरे गाठलेत. तेही तेच म्हणाले. तुमचा विश्वास बसला नाही. पोळी उजेडात धरणं बंद झालं. शेवटी तुम्ही स्वतः साहेबांना अर्ज दिलात की माझ्या नजरेचा भरवसा नाही, मला तपासणीवरून काढा. त्यांनी तुम्हाला स्टोअरमध्ये बसवलं. आईने डोळ्याला पदर लावला. मी मनात म्हटलं, बरं झालं. खोटं कशाला सांगू, मला समाधान वाटलं. दादा टेंपोत, तुम्ही स्टोअरमध्ये.

फसले ते एकाच ठिकाणी. मला वाटलं होतं, दादा जन्मात तुमचं तोंड बघणार नाही. पण डोळेच अधू म्हटल्यावर त्याने रागवायचं कुणावर? महिन्याभरात बोलायला लागला. तुमच्या शेवटच्या आजारात रोज खाटेशी बसून तुम्हाला पेपर वाचून दाखवायचा. मी सूड घ्यायला गेले आणि त्याला तुम्हाला माफ करायला कारण देऊन बसले. आता ते कारण काढून घेणं माझ्याच्याने होत नाही. म्हणून हे पत्र घरात राहणार नाही. दादा रविवारी येतो आणि माझ्या टेबलावरचं सगळं वाचतो, वाण्याच्या यादीसकट. त्याच्या आत फाडायला हवं.

राग गेला म्हणून लिहितेय असं समजू नका. एक दिवस, एकच दिवस हात खाली ठेवला असतात तर काय बिघडलं असतं, हे मी अजूनही विचारते. पण दादा पुढे होता, बाबा. चांगला दीड हात पुढे. मी तुमच्या अगदी ओळीत उभी होते. आणि नंतर आळंदी रोडच्या स्टॉपवर बस दिसली की तुम्ही मला नंबर विचारायचात, त्याच्या आधी तुमचे ओठ हलायचे, आणि नंबर बरोबर असायचा. मला ते दिसायचं. तरी मी दरवेळी तो मोठ्याने वाचून दाखवायचे.