वीतभर अंतरावरचा चेंडू

४ मार्च
क्लबच्या सेक्रेटरीचा फोन! नव्या गोल्फ मैदानाच्या उद्घाटनाला जुन्या खेळाडूंचा सामना. महाराणी विरुद्ध मी. (महाराणी हे वर्तमानपत्रांनी ठेवलेलं नाव. मला त्यांनी काही ठेवलं नाही.) "त्यांनी होकार दिलाय मॅडम, आता तुम्हीही या." तुम्ही'ही'! डोकंच फिरलं. कळवते म्हटलं.

५ मार्च
हे म्हणाले, "जा की. काठ्यांना गंज चढला, तुझ्या रागाला काही चढत नाही!"
राग येणार नाही तर काय! आम्ही दोघी एकाच वर्षी व्यावसायिक झालो. चषक माझे जास्त, फोटो तिचे जास्त. मी जिंकले तरी मथळा — 'महाराणी हरली'. पोरी तिच्या सहीसाठी रांग लावायच्या आणि मला म्हणायच्या, "ताई, जरा पिशवी धरता?" धरायचे!

८ मार्च
माळ्यावर जुने बूट सापडले. तळाला अजून वाळलेलं गवत. तिथेच बसून राहिले.
स्पर्धांना महाराणी आणि मी, लॉजची एकच खोली, दोघींत एकच इस्त्री. पहाटे दवात सराव करायचा, मग चिंब पायमोजे खिडकीच्या गजांना. केस डोळ्यांवर येतात म्हणून सामन्याआधी माझी वेणी तीच घालायची — करकचून, तोंडाची टकळी चालू ठेवून. फार सुखाचे दिवस होते ते. आठवण येते तिची. लिहून टाकलं एकदाचं.
पण मैदानावर? तिचा चेंडू होलपासून वीतभर. एवढ्याशा अंतरावरून कुणीही चेंडू लगेच ढकलून मोकळं होतं. ही मात्र जागेवर नाणं ठेवून तो उचलणार, बाजूला उभी राहणार. "तू घे आधी, मास्तरीण." (मला ती हेच म्हणायची.) दर वेळी! म्हणजे शेवटचा फटका हिचा आणि शेवटच्या टाळ्याही हिलाच.

९ मार्च
नाही जायचं. ठरलं.

१० मार्च
सेक्रेटरीला नकार कळवला. तासाभरात तिचा फोन — इतक्या वर्षांनी! "भाव खातेस का गं?" माझा तोल गेला. सगळं काढलं. फोटो, मथळे, ते नाणं, त्या टाळ्या. तिने फोनच ठेवून दिला.
बरं झालं! — नाही. जेवणही गेलं नाही.

११ मार्च
सकाळी दारात तीच. चप्पलही न काढता सुरू — "अगं बाई, माझा चेंडू होलमध्ये गेला की लोक पुढच्या होलकडे पळायचे. तुझा फटका बघायला कुत्रं थांबलं नसतं. माझा बाकी असला की झक मारत थांबायचे. म्हणून ठेवायचे मी ते नाणं!"
मला रडू आवरेना. सेक्रेटरीला तिनेच फोन लावून दिला. येते म्हटलं.