आत वळवलेलं टोक

सोमवार, ३
आत्याच्या कार्यशाळेत आज पोचले. खाली कामाची मोठी खोली, वर माझी आणि ताईची. ताई म्हणजे आत्याची मुलगी. माझी बॅग तिनेच वर नेली. आत्याने मला पाहताच विचारलं, आलीस का गं काडीपैलवान, वाटेत वाऱ्याने उडाली नाहीस?

नाटकगृहाच्या दारासाठी एक काल्पनिक प्राणी हवा आहे: बाईचे हात, हरणाचे पाय, पाठीला पंख. आम्ही दोघींनी एकेक करायचा. जिचा निवडतील तिला आत्या हाताखाली घेणार. ताई घरचीच आहे. मी हरले तर मला परत जावं लागेल.

बुधवार, ५
तारेचा सांगाडा सुरू केला. बाबा आणि आत्या एकाच घरात शिकले, त्यामुळे रीतही एकच. मापपट्टी नाही, तार स्वतःच्या अंगाला लावून मापायची आणि प्रत्येक टोक आत वळवायचं. टोक उघडं ठेवायचंच नाही. सात वर्षांची असताना मी का म्हणून विचारलं, तर बाबांनी नुसता कान पिळला होता.

ताईची आणि माझी अंगकाठी एकच. सांगाडे शेजारी ठेवले तर जुळे दिसतात. आत्या म्हणाली, एकीच्या कानात डूल घाला, नाहीतर ओळखायच्या कशा? शेवटी सांगाड्यांखालच्या पाटांवर नावाच्या चिठ्ठ्या लावल्या.

शनिवार, ८
मी आणखी खळ आणायला दुकानात गेले, तोवर ताईने दोन्ही सांगाड्यांवर कागदाच्या पट्ट्या चिकटवून टाकल्या. किती मदत करते!

दुपारी आत्या बघायला आली. ताईच्या मूर्तीपाशी थांबली, मनगटावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, हे हातातच असावं लागतं, शिकवून येत नाही. माझ्या मूर्तीला म्हणाली, बरी आहे.

बरी! ताई खाली मान घालून हसत होती. मला जेवण गेलं नाही.

मंगळवार, ११
आत्याने शेजारच्या सुतारालाही ताईची मूर्ती दाखवली. तो म्हणाला, पोरगी आईच्या वर जाणार. ताई स्वतःच्या वाटणीचं माझ्या ताटात वाढते. तरी तिचे हात पाहिले की मी ताट सरकवून उठते.

बुधवार, १२
लिहायला लाज वाटते, पण वहीपासून लपवणार नाही. दुपारी दोघी बाहेर गेल्या होत्या. ताईच्या मूर्तीच्या उजव्या मनगटावरची पट्टी मी उचकटली, पकडीने तारेचं टोक सरळ केलं आणि पट्टी पुन्हा बसवली. वरून लगदा चढून वाळला की तिथे तडा जाईल. कोणाला कळणार नाही.

बाबांना कळेल, असं सारखं वाटतंय.

शुक्रवार, १४
लगदा चढवला. माझं उजवं मनगट टोचतंय. वरून काहीच दिसत नाही.

रविवार, १६
मनगटात काहीतरी कडक आहे. दाबलं की सरकतं.

ताईचा हात मुद्दाम धरून पाहिला. मऊ. तिला वाटलं मी लाडात आलेय, म्हणून तिने गुपित सांगितलं. मी दुकानात गेले तेव्हा तिने चिठ्ठ्या बदलल्या होत्या. आईला लेकीचं काम ओळखता येतं का, ते बघायचं होतं. मग कौतुक इतकं वाढलं की सांगायला तोंड राहिलं नाही. ती म्हणाली, वेडाबाई, जिंकलीस तू!

माझी. आत्या माझ्याच मूर्तीपाशी थांबत होती. मी ज्या मनगटाचं टोक—

सोमवार, १७
मूर्ती उन्हात ठेवलीय. वाळतेय. माझी बोटंही— गुडघे करकरतात. कातडी ताणते. ताई म्हणते, ताप आहे, पडून राहा.

मंगळवार, १८
टोक बाहेर आलं. कातडीतून. रक्त नाही. आत वळवायला हवं, पण पक्कड खाली, आणि पाय वाकत नाहीत—

ताईने सगळं कबूल केलं. आत्या वर आली. म्हणाली, तुझीच निवडली, आता इथेच राहायचं. हेच तर हवं होतं मला, इथे आले तेव्हापासून.

मग माझा कान ओढून म्हणाली, मूर्तीच्या मनगटातून तार वर आलीय, बापाने हेच शिकवलं का? असू दे, छाटून टाकते. मी सांगायला गेले तर जबडा— हलेना—

जिना उतरली. कातर शोधतेय. ऐकू येतंय.

आत्या, कापू नकोस. ताई, ही वही वाच, तिला थांबव. तो हात माझा आहे. मी याच हाताने लि