त्राटिकेच्या आत छापलेला खुनी

मुक्काम आटगाव, तालुका शहापूर
वैशाख वद्य पंचमी, सन १९४६

तीर्थरूप दादांस,

धाकट्या कुंडलिकाचा डोके टेकवून नमस्कार. आपला दमा, वहिनींचे गुडघे आणि चि. वामनचे इंग्रजी, तिन्ही आता हळूहळू का होईना पुढे सरकत असतील अशी आशा करतो. इकडे सर्व खुशाल आहे. आंबा बरा आला, राजा बैल मागच्या पायाने लंगडतो, आणि बोहाडा झाल्यापासून मी तोंडातून एक शब्द काढलेला नाही.

हे वाचून आपण पत्र उलटून सही पाहिली असेल. सही माझीच आहे. (बेचाळीस साली तुरुंगात जेलरसाहेबांनी हात जोडले तरी जो गप्प बसला नाही, तोच मी.) घसा शाबूत आहे. मी वचनाने गप्प आहे, आणि ते वचन एका खुनामुळे दिलेले आहे. घाबरू नका. खून अमेरिकेत झाला आणि तोही कागदावर.

झाले असे. थंडीत गोऱ्या सोल्जरांची एक गाडी आपल्या स्टेशनात बराच वेळ उभी होती. जाताना त्यांनी खिडकीतून रंगीत चोपड्यांचा एक गठ्ठा फेकला. तो हमालाने रघूशेटच्या दुकानात रद्दी म्हणून दिला. पुढे मी गूळ आणला, तर गुळाभोवती लाल झूल पांघरलेला एक गडी आकाशात उडतो आहे! पाहताच माझे रक्त उसळले. आमचा गूळ आणि त्यावर गोऱ्यांची ही थेरे? तडक दुकानात गेलो, उरलेल्या चोपड्या ताब्यात घेतल्या आणि गावाला सावध करण्यासाठी धर्मशाळेपुढे व्याख्यान लावले. विषय : परदेशी चित्रचोपड्यांपासून होणारा बुद्धिनाश.

दादा, माझ्या व्याख्यानाला एरवी किती माणसे येतात ते आपण जाणता. (मागल्या वर्षी ग्रंथालयाच्या व्याख्यानाला जी म्हैस आली होती, ती यंदा गाभण आहे.) आता एखाद्या गोष्टीची निंदा करायची तर ती आधी सांगावी लागते. मी सांगू लागलो. एक म्हातारा शास्त्रज्ञ, त्याला आपले लोक गुरुजी म्हणू लागले. त्याने तीन शिष्यांना अचाट विद्या दिल्या. एक आकाशात उडतो, तो लालपंख्या. दुसरा आगगाडीचे इंजिन उचलतो, तो इंजिनवाला. तिसरी बाई, ती मनात येईल तेव्हा दिसेनाशी होते, ती गुप्तबाई. तिघेही तोंडाला मुखवटा लावून दुष्टांना झोडतात. आणि एके दिवशी बंद खोलीत गुरुजी मरून पडलेले सापडतात. खुनी तिघांपैकीच एक! एवढे सांगून मी निषेधाकडे वळलो तोच कंदिलातले रॉकेल संपले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अर्धे गाव आपापले कंदील घेऊन हजर होते. रेशनचे रॉकेल, दादा! लग्नालाही लोक इतके जाळत नाहीत.

तेव्हापासून रोज एक चोपडी आणि रोज तिचा कडक निषेध. निषेध सुरू झाला की लोक बिड्या ओढायला उठत. मला मात्र वाटले, निदान माणसे जमू तरी लागली. (आणि खरे सांगायचे तर घरी गेल्यावर मलाही झोप लागेना.) गावाने हा खून असा मनावर घेतला की भात विकायला शहापूरला गेलेले लोक संध्याकाळच्या आत परतू लागले. मुखवट्यांबद्दल मात्र सर्वांना हसू आले. आपल्याकडे बोहाड्याच्या उत्सवात मुखवटे चढवून नाचणारी देवादैत्यांची सोंगे पाहतच मुले मोठी होतात. शेजारचा धाऊ म्हणाला, "एवढासा फडका डोल्यांवर बांधला नि शहरात कोनी वलखीत नाय? आमचा धाकलू आख्खी त्राटिका चढवून येतो, तरी पोरं म्हणतात, आला रे धाकलूकाका!"

संशयावरून तट पडले. मी इंजिनवाल्यावर आरोप ठेवला, कारण ज्याच्या हातात ताकद एकवटते तो गुरूलाही सोडत नाही, हे जगाचा इतिहास सांगतो. धाऊचा तट लालपंख्याविरुद्ध होता. धाकलूभाऊंचा संशय तर चौथ्याच इसमावर. प्रत्येक चोपडीच्या शेवटच्या पानावर एक टोपीवाला साहेब दात दाखवीत उभा असतो, तो. मी सांगितले, अहो, ती दंतमंजनाची जाहिरात आहे. तर म्हणाले, "मास्तर, घरात मयत नि हा दरखेपेस येऊन हसतो. असा मानूस भला असंल काय?" (आमच्या सौ. कमळनेही मागून काहीतरी मत दिले होते. व्याख्यानाच्या ओघात ते ऐकायचे राहून गेले.)

आणि मग शेवटची चोपडीच मिळेना. लोक म्हणू लागले की मास्तर मुद्दाम दडवतो आहे. एकाने तर मी दंतमंजनवाल्याला फितूर आहे असेही सुचवले. मी पारावर चढलो आणि गरजलो, "बोहाडा उठायच्या आत खुनी सांगेन. नाही सांगितला तर तो कळेपर्यंत हा कुंडलिक तोंड उघडणार नाही, सभेतही नाही आणि घरातही नाही!" टाळ्यांचा जो कडकडाट झाला तसा माझ्या उभ्या आयुष्यात झाला नव्हता. नंतर विचार केला तेव्हा त्या टाळ्यांच्या हेतूबद्दल थोडी शंका आली.

शोध घेतला तर रघूशेट म्हणाला, ती चोपडी काळूरामने नेली. आपण मुंबईकर झालात म्हणून आठवण देतो, काळूराम बोहाड्याची सोंगे करतो : मातीच्या साच्यावर कागदाचे थर खळीने चिकटवायचे, वाळले की रंगवायचे, डोळ्यांना भोके पाडायची. त्राटिकेचे जुने तोंड वाळवीने खाल्ले होते, म्हणून त्याने यंदा नवे केले. शेवटची चोपडी त्या त्राटिकेत गेली! मी विचारले, खुनाचे पान कोणत्या थरात? काळूराम म्हणाला, "खल लावताना चित्रा कोन बघीत बसतो? रंगीत कागद आतून आहे, एवढा ठावं."

म्हणजे खुनी मुखवट्याच्या आत छापलेला, आणि तो वाचायचा तर मुखवट्यात तोंड घालायला हवे. पण सोंगांची पूजा होऊन ती देवळात मांडलेली. पूजेनंतर ज्याचा मान त्यानेच सोंगाला हात लावायचा. त्राटिकेचा मान धाकलूभाऊंच्या घरचा. त्यांनाच पाहून सांगा म्हटले तर त्यांना पलीकडच्या डोंगरावरची गाय दिसते, हातातली भाकरी दिसत नाही. शेवटी म्हणाले, "माझं पाय थकलं. मान तूच घे. पन नुसता डोकावून पलायचा नाय. घेतलास तर नाचावा लागंल, दरसाल." दादा, बोहाडा म्हणजे पैशाची नासाडी आणि अंधश्रद्धेचा बाजार, हे मी बारा गावांत टेबलावर मुठी आपटून सांगितले आहे. सभेनंतर काही टेबले दुरुस्तीला गेली. एकीकडे तत्त्व, दुसरीकडे वाणी. मी विचार केला, तत्त्व सांगायला तरी वाणी हवीच. आणि मान घेतला.

बोहाड्याच्या दिवशी सूर्य मावळता मावळता, कमळचे हिरवे लुगडे नेसून, हातात लाकडी सुरा घेऊन, मी त्राटिकेत तोंड घातले. आत अंधार, खळीचा वास आणि नाकाशी कागद. संबळ सुरू झाला. नाचता नाचता मशालीकडे वळून आतले चित्र उजळून घ्यावे म्हटले, तर मशालजी घाबरून मागे सरके, मी त्याच्यामागे धावे, आणि लोक म्हणत, अशी खवळलेली त्राटिका गावाने पाहिली नव्हती! अखेर त्याला देवळाच्या भिंतीशी गाठला. हनुवटीपाशी दंतमंजनवाला हसत होता. कपाळावर गुरुजींची खोली. मधोमध एक आकृती मुखवटा उतरवते आहे आणि शेजारी अक्षरे : "होय! गुरुजींना मीच मारले!" आणि जिथे तोंड असायचे तिथे, दादा, डोळ्याचे भोक! काळूरामने नेमका खुनी कापून काढला होता. त्या भोकातून पाहिले तर पलीकडे धाऊ दिसला, मान वळवली तर रघूशेट, आणखी वळवली तर शेंगा खाणारी कमळ. ज्याच्याकडे पाहावे तोच म्हणतो आहे की मीच मारले.

सोंग उतरवले. सारे गाव माझ्या तोंडाकडे पाहत होते. दंतमंजनवाला म्हणालो असतो तर त्यांनी मला खांद्यावर घेतले असते. पण खोटे बोलण्यापेक्षा मुके राहिलेले बरे. मी ओठांवर बोट ठेवले. पुन्हा टाळ्या.

आता पाटीवर लिहून संसार चालला आहे. राजा बैलाला वाचता येत नाही, म्हणून औत मीच ओढल्यासारखे आहे. कमळ रोज पहाटे रोपाच्या जागेवर पालापाचोळा पसरून राब भाजायला धाडते. नकार द्यायला पेन्सिल शोधेपर्यंत मी शेतात पोहोचलेला असतो. आपण व वहिनींनी प्रकृतीला जपावे.

आपला आज्ञाधारक,
कुंडलिक

ता. क. : एक किरकोळ काम. फोर्टात फुटपाथवर जुनी पुस्तके मांडतात, तिथे या मालिकेचा आठवा अंक शोधावा. सातव्या अंकातल्या जाहिरातीप्रमाणे त्याच्या मुखपृष्ठावर लालपंख्या रडतो आहे. त्यावाचून माझी सुटका नाही. बाकीचे अंक दिसल्यास तेही घ्यावेत. (निषेधासाठी.)

दुसरा ता. क. : त्राटिकेचा मान पिढीजात असतो. मला मुलगा नाही. तेव्हा चि. वामनला आतापासून लुगडे नेसायची सवय लावावी.

(याखाली दुसरे अक्षर)

दादांस कमळचा नमस्कार. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिले म्हणून चार ओळी लिहिते. अंक सापडला तर धाडायची घाई करू नका. यंदा सारे राब वेळेवर भाजून झाले, बांधही घातले. काळूरामभावजींनी ते तोंड आपल्याच पडवीत बसून केले. हे तेव्हा बोहाड्याविरुद्ध बोलायला शहापूरला गेले होते. डोळ्यांच्या चकत्या झाडताना मला सापडल्या. खुन्याची मी तिखटाच्या डब्यात ठेवली आहे. भाताची लावणी उरकली की यांच्या पाटीवर आणून ठेवीन. ती गुप्तबाईच. मी पहिल्याच दिवशी सांगितले होते, पण ऐकायला आधी बोलायचे थांबावे लागते.