दुसऱ्या भागातल्या प्रेताचे काम कोणाला द्यावे याबाबत मृत्युपत्र

मी, वय त्र्याहत्तर, शिक्षण सातवी नापास, धंदा चित्रपटांच्या सेटवर रंगकाम आणि लागेल तेव्हा प्रेताचे काम, हा कागद कोणाच्या दडपणाखाली न येता लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे. छातीचे डॉक्टर खात्रीने सांगत नाहीत आणि शूटिंग दोन महिन्यांवर आले आहे, म्हणून ही घाई.

१. राहत्या दोन खोल्या पत्नीच्या, तिच्या पश्चात मुलीच्या. गॅसचे बटण दोनदा पाहावे. एकदा पाहून भागत नाही.

२. बँकेतली ठेव पत्नीची. पासबुक पिठाच्या डब्यामागे आहे. मी काळजीपोटी ते तीनदा हलवले, म्हणून पुन्हा लिहिले.

३. ब्रश आणि घडीची शिडी जावयाला. त्याने माझ्या चांगल्या ब्रशने एकदा सायकलची चेन पुसली होती. विसरलेलो नाही, तरी देतो.

४. आता मुख्य गोष्ट. अकरा वर्षांपूर्वीच्या त्या भुताच्या चित्रपटात नायक लिफ्टमधून चाळीस वर्षे पुढे जातो. तिथे बंद खोलीत एक म्हातारा मरून पडलेला सापडतो. तो म्हातारा म्हणजे नायकच. ते प्रेत मी. दुसरा भाग त्याच क्षणापासून सुरू होतो, म्हणून प्रेत तेच लागणार. या वेळी ते डोळे उघडते, उठून बसते आणि एक वाक्य बोलते. छत्तीस वर्षांत मी एकवीस वेळा मेलो, बोललो एकदाही नाही. शूटिंगआधी मी खरोखर गेलो तर भलत्याच माणसाला रबराचा चेहरा लावून झोपवतील.

दिग्दर्शकसाहेब हसत म्हणाले, "बाबा, तुम्ही गेलात तरी तसेच उचलून आणू." चालणार नाही, असे लेखी कळवतो. मेलेल्या माणसाला मेल्याचे काम जमत नाही. तोंड उघडे पडते आणि रीटेक देता येत नाही. पत्नीचे म्हणणे वेगळे आहे. "अहो, आधी जगायचं बघा. मरायची कामं पुढे पुष्कळ मिळतील."

५. सबब हे काम मी माझ्या धाकट्या भावाला देतो. नाक, कपाळ, हनुवटी, तिन्ही आम्हा दोघांना वडिलांची आली आहेत. आमचे बोलणे अकरा वर्षे बंद आहे. पहिल्या खेळाला मी त्याला मानाने शेजारी बसवले, आणि माझे प्रेत पडद्यावर येताच हा भर थिएटरात म्हणाला, "दादा, तू हललास की रे."

तीन रांगा हसल्या. मी म्हणालो, "मी हलत नसतो."

"गळा हलला. मी पाहिला ना."

"तुला प्रेतातलं काय कळतं?"

तो चहाही न घेता निघून गेला. खरे म्हणजे तो प्रसंग मी पाहिलाच नव्हता. मला असले चित्रपट बघवत नाहीत, डोळे गच्च मिटून बसलो होतो.

गेल्या महिन्यात साहेबांनी नवी गोष्ट ऐकवली. म्हणाले, "बाबा, त्या शॉटमध्ये तुम्ही आवंढा गिळलाय. लोकांनी फोनवर थांबवून थांबवून पाहिलं. इतकं विचारलं की आम्ही ठरवलं, म्हातारा मेलाच नव्हता." म्हणजे अख्खा दुसरा भाग माझ्या आवंढ्यावर उभा आहे, आणि तो आवंढा सर्वांत आधी माझ्या भावाला दिसला. हे मी येथे मान्य करतो. तोंडाने मान्य करायला थोडा वेळ लागेल.

६. भावाला सूचना. श्वास पोटाने घ्यावा. पापण्या आवळू नयेत, नुसत्या टेकवाव्यात. फरशी गार असते, आत लोकरीचे बनियन घालावे. शर्ट कपाटात आहे. धुऊ नये, त्यावरचे रक्त मी स्वतः रंगवले आहे.

७. राहिले ते वाक्य. ते फोडणार नाही असे साहेबांनी लिहून घेतले आहे, माझ्या जागी येणाऱ्याला तेवढे सांगायची मुभा आहे. म्हणून येथे लिहीत नाही. पत्नीलाही सांगितले नाही, ती चार दिवस रुसली आहे. ते धाकट्याला तोंडीच मिळेल, मी जिवंत असेपर्यंत. या कागदाची प्रत उद्या सकाळी शेजारचे शिंपी त्याच्या घरी पोचवतील. मी तीननंतर घरीच असतो. वाक्य लहान आहे, पण म्हणायची तऱ्हा शिकायला त्याला पाच-सहा फेऱ्या माराव्या लागतील. तो आलाच नाही, तर कलम पाच रद्द, आणि मला शूटिंगपर्यंत जगणे भाग पडेल.

सही (माझीच)

साक्षीदार:
शेजारचे शिंपी. प्रत पोचवण्याचे कबूल.
दवाखान्यातले कंपाउंडर. सहीच्या वेळी नाडी पाहिली, चालू होती.

स्थळ: राहते घर, बाहेरची खोली
दिनांक: चौदा, मंगळवार. शूटिंगला अठ्ठावन्न दिवस.