हिमराक्षसाच्या गदेबाबत

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, निवृत्त लिफ्ट-मेकॅनिक, डोके ठिकाणावर असताना आणि कोणीही मानगुटीवर बसलेले नसताना हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. बायकोने दिलेला नाही.

१. राहते घर, बँकेतली शिल्लक आणि खिडकीजवळची आरामखुर्ची बायकोला. खुर्ची तशीही तिचीच, मी नुसता बसत आलो.

२. पाने, पकडी, मीटर अशी सगळी हत्यारे मुलीला. तीही लिफ्टच्याच कामात आहे आणि माझ्यापेक्षा सरस आहे. हे तिला तोंडावर कधी सांगितले नाही, म्हणून इथे लिहितो.

३. जेवणाच्या टेबलाखालची जाड सतरंजी खालच्या मजल्यावरच्या मास्तरांना. आमचा एखादा फासा जमिनीवर पडला की ते काठीने छत ठोकत. आता सतरंजी त्यांनी छतालाच लावावी.

४. आता मुख्य गोष्ट. सव्वीस वर्षे दर रविवारी दुपारी आमच्या जेवणाच्या टेबलावर एक खेळ चालतो. मुलगी आणि कामावरचे दोघे जुने सोबती वीर होतात. मी राक्षस होतो, कथा सांगतो आणि वाद झाला की निवाडा देतो. हल्ली माझा आवाज तासाभरात बसतो. माझ्यामागे हा खेळ चालवू शकेल असा एकच माणूस आहे, माझा मेहुणा, आणि त्याने नऊ वर्षे या घराची पायरी चढलेली नाही.

कारण असे. तेव्हा तोही खेळात होता. त्याच्या वीराने हिमराक्षस मारला आणि त्याची गदा उचलली. राक्षस त्या गदेने पाच फाशांच्या बेरजेइतका घाव घालायचा, तीन जोराचे आणि दोन गारठ्याचे. मेहुणा म्हणाला, "आता पाचही माझे."

मी म्हणालो, "दहा माणसांच्या लिफ्टची मोटर चार माणसांच्या लिफ्टला लावली, तर तीत दहा माणसं मावतील का? जोर राक्षसाच्या अंगात होता. तुला जोराचा एकच फासा. आणि गदा तुझ्या मापाची नाही, म्हणून नेम धरताना फासा दोनदा टाकायचा आणि कमी पडेल तो आकडा धरायचा."

"आणि गारठा?"

"तोही त्याच्याबरोबर गेला."

"भाऊजी, गदेला हात लावल्यावर माझी बोटं आखडली, असं तुम्हीच आत्ता सांगितलंत!"

"निवाडा मी देतो. तू फासे टाक."

त्याने फासे खिशात टाकले आणि तो निघून गेला.

त्याच आठवड्यात हिमराक्षसाबद्दलचे माझे टिपणाचे कार्ड सापडले. माझ्याच अक्षरात लिहिले होते, गारठा गदेचा. राक्षसाच्या अंगातले राक्षसाबरोबर जाते, शस्त्रातले शस्त्राबरोबर येते, हा नियम माझाच आणि मोडलाही मीच. जोराबाबत मी बरोबर होतो, आजही आहे. गारठ्याबाबत चुकलो, आणि कळूनही नऊ वर्षे मूग गिळून बसलो. मला त्याची फार आठवण येते.

म्हणून खेळाची पुस्तके, नकाशे, फाशांची पेटी आणि निवाडा देण्याचा अधिकार मेहुण्याला. गारठ्याचे दोन्ही फासे मागील तारखेपासून मंजूर.

५. कलम ४ मधला वारसा रद्द. हा कागद बायकोने वाचला आणि मला न विचारता भावाला बोलावून घेतले. आज सकाळी तो आला. उभ्याउभ्याच कलम वाचले, डोळे पुसत मला चार शिव्या हासडल्या आणि साक्षीदार म्हणून सही करायला पेन मागितले.

साक्षीला आलेले डॉक्टर म्हणाले, "अहो, ज्याला काही मिळणार आहे त्यानं साक्षीदार व्हायचं नसतं. तुमचं सगळं बाद होईल."

"होऊ दे की," मेहुणा म्हणाला. "भाऊजी गेल्यावर मिळालेलं मला नकोय. काय द्यायचं ते रविवारी द्या, समोर बसून."

तसे ठरले आहे. बाकी कलमे कायम.

ठिकाण: जेवणाचे टेबल
दिनांक: १४ मार्च, शुक्रवार

सही: मृत्युपत्र करणारा
साक्षीदार पहिला: डॉक्टर
साक्षीदार दुसरा: मेहुणा. सहीखाली त्याने स्वतःच्या हाताने एक अट घातली आहे, "रविवारच्या आत मरायचं नाही."