सुट्या माणसाची पोच

मुंद्रा, कच्छ
रविवार, १६ फेब्रुवारी २०२५

प्रिय हेमाताई,

निक्याचा नमस्कार. मी इथे बरा आहे. तुम्ही सगळे बरे असाल असं पुढे लिहायची पद्धत आहे, पण तुम्ही बरे नाही हे मला माहीत आहे, म्हणून ते सोडून देतो.

पत्र तुझ्या अंगणवाडीच्या पत्त्यावर टाकतोय. घरी आलं असतं तर दाजींनी आधी फोडलं असतं. फोन केला असता, पण गुरुवारी तुझा फोन स्पीकरवर होता. मागून दाजींचा खोकला ऐकू आला तेव्हा मला कळलं. तू एकटी बोलत नव्हतीस.

इथलं नेहमीचंच. वारा सुटला की भातात वाळू. माझ्यासोबत म्हसळ्याचा येसाजी राहतो, तोही माझ्यासारखंच काम करतो. आम्ही सुकट भाजली की घरमालक दोन दिवस तोंड फिरवून जातो. बुधवारी येसाजीने त्याला विचारलं, "शेठ, वास येतो तर जेवायला या ना." तेव्हापासून चार दिवस झाले, अजून बोलत नाही.

आता गुरुवारचं. तू म्हणालीस, "निक्या, मेल केलाच नव्हता असं लिहून दे ना. तुजं काय जातंय? तू सुटा माणूस, आज हितं, उद्या तितं. ह्यांची परमनंट हाय." मी 'बघतो' म्हणालो. दोन दिवस तेच बघत होतो.

माझं काम तुला कधी नीट सांगितलंच नाही. कंटेनर गाडीवर चढायच्या आधी त्याला चारी बाजूंनी बघायचं, ठोकायचं, फोटो काढायचे आणि मुंबईच्या ऑफिसला मेल करायचा की डबा चांगला आहे की खराब. ऑफिस बोलावेल तेव्हा काम, नाही बोलावलं तर झोपून राहायचं. इंग्रजीत फ्रीलान्सर म्हणतात. यार्डात आम्हाला सुटे म्हणतात, सुटी बिडी असते तसे.

ह्या कामाला दाजींनीच लावलं, हे मी विसरलो नाही. नववीला नापास झालो तेव्हा बाबा मला मिठागरावर न्यायला निघाले होते, आणि मिठागर तरी तेव्हा उरलं होतं किती. दाजींनी यार्डातल्या त्यांच्या कॉम्प्युटरवर बसवून एकेक अक्षर दाबायला शिकवलं. मेल पाठवायच्या आधी एका चौकटीत खूण करायची, तेही त्यांनीच शिकवलं. ती खूण केली की समोरच्याने मेल उघडल्यावर त्याला विचारतं, वाचल्याचं कळवू का? त्याने येस दाबलं की आपल्याला पोच येते, अमक्या दिवशी, अमक्या वेळी वाचला. दाजी म्हणाले, "नोकरीवाल्याला हजेरीबुक असतंय रं. सुट्याला ही पोच. पोच न्हाय तर तू कामच केलं न्हाय."

मी ते अंगाऱ्यासारखं लावत गेलो. प्रत्येक मेलला.

मग मागच्या दिवाळीच्या सुमाराला अमिषा मॅडमचा फोन आला. मुंबईच्या ऑफिसातून आम्हाला काम देतात त्या. म्हणाल्या, "निकेत, तुझा प्रत्येक मेल उघडला की ते रिसीटचं खोकं येतं. आम्ही काय मेल वाचत नाही का? बंद कर ते. बरं नाही दिसत." त्यानंतर तीन आठवडे मला काम नाही. येसाजी रोज कामाला जायचा आणि संध्याकाळी येऊन मला शिकवायचा. "पोच मागायची म्हंजी काम देणाऱ्या पार्टीच्या तोंडावर सांगायचं, तू उद्या पलटशील. मग ती कशाला बोलवंल? तू लग्नात आहेर दिलास तरी नवरीची सही घेशील लेका."

मला पटलं. खूण काढून टाकली. फक्त दाजींच्या पत्त्याला राहू दिली, घरच्या माणसाला काय वाईट वाटायचंय. कधी नुसतं 'जेवलात का दाजी' एवढाच मेल टाकायचो. पोच यायची. हसायचो.

म्हणजे बघ ताई, सगळ्या पार्ट्यांवर मी विश्वास ठेवला, आणि माझ्याकडे पोच आहे ती एकट्या आपल्या घरच्या माणसाची.

सहा जानेवारीचा मेल आहे. संध्याकाळी चार पन्नासला पाठवला. तुमच्याकडच्या यार्डात ट्रेनने एक डबा येतोय, त्याचा वरचा कोपरा तडकलाय, क्रेनने वरून उचलू नका, बाजूला काढून ठेवा. खाली फोटो. पाच बाराला पोच आली. दाजींनी उघडला, त्यांना विचारलं गेलं, त्यांनी येस दाबलं. सवयीने दाबलं असेल. नो दाबलं असतं तर आज मी सगळ्यांसमोर खोटा पडलो असतो आणि तुला मला फोन करावा लागला नसता.

नऊ तारखेला सकाळी तोच डबा यार्डातल्या लोकांनी क्रेनने वरून उचलला. कोपरा फाटला आणि डबा एका अंगाने खाली आला. खाली अनंता. क्रेनचे आकडे लावून मागे सरकत होता. तुझ्या लग्नात मांडवाचे बांबू ज्याने उभे केले तो अनंता. उजवा पाय गुडघ्याखाली कापला.

आता यार्ड म्हणतं, डबा खराब असल्याचं आम्हाला कुणी कळवलंच नव्हतं, आणि अनंता उभा राहायचं नाही तिथे उभा होता. म्हणजे पाय त्याने स्वतःच घालवला. दाजींनी लिहून दिलं, मेल आला नाही. चौकशी अठ्ठावीस तारखेला बसणार आहे आणि माझ्याकडून लेखी मागितलंय.

दाजी किती सहज लिहून गेले. मला मेल लिहायला शिकवणारा माणूस. तेराव्या दिवशी अनंता घरी आला तेव्हा दाजी भेटायला गेले होते म्हणे, नारळपाणी घेऊन. त्याच्या आईने काय म्हणून ते घेतलं असेल, आणि ह्यांनी काय तोंडाने दिलं असेल, हे मी रोज डोक्यात चालवतो. डबे बघताना पण तेच चालू असतं.

हे वाचून तुला वाटेल, निक्या धुतल्या तांदळासारखा निघाला. म्हणून आता जे इतके दिवस टाळत होतो ते लिहितो. कागद संपत आलाय, त्याआधी लिहिलेलं बरं.

त्या डब्याचा पहिला रिपोर्ट मीच दिला होता. सहा तारखेलाच, दुपारी, अमिषा मॅडमना. डबा चांगला आहे, असा. त्या दिवशी मला सव्वीस डबे होते. वरचा कोपरा बघायला शिडी लागते. शिडी एकच होती आणि ती दुसऱ्या टोकाला होती. मी हात वर करून मोबाइलने फोटो काढला आणि न बघता पुढे गेलो. दिवाळीत तीन आठवडे घरी बसावं लागलं तेव्हापासून मला दाखवायचं होतं की मी किती झपाट्याने उरकतो.

चार वाजता चहाच्या टपरीवर फोटो मोठे करून बघत बसलो. तेव्हा तडा दिसला, बोट जाईल एवढा. डबा ट्रेनवर चढून गेला होता. मॅडमना फोन करून एवढंच सांगायचं होतं की माझा रिपोर्ट चुकला, डबा अडवा. दोन मिनिटांचं काम. फोन हातातच होता. मॅडमना केला नाही. दाजींना मेल केला.

त्या मेलच्या शेवटी मी काय लिहिलंय ते दाजींनी तुला सांगितलं नसणार. मी लिहिलंय, "दाजी, ऑफिसला कळवू नका, माझं काम जाईल. तुमचं तुम्ही सांभाळून घ्या."

दाजींनी माझं ऐकलं. ऑफिसला कळवलं नाही. डबा बाजूला काढायचा तेवढा राहिला.

कसा राहिला ते त्यांनाच ठाऊक. मला वाटतं, नोंदवहीत लिहिलं असतं तर कुणी सांगितलं तेही लिहावं लागलं असतं, म्हणून लिहिलं नाही. तोंडी सांगू म्हणाले असतील. मग नऊ तारखेला त्यांची सुट्टी, आणि ज्याची पाळी होती त्याला काहीच माहीत नाही. हा माझा अंदाज. मी त्यांना विचारलेलं नाही, कारण मी विचारलं असतं तर त्यांनी मला विचारलं असतं. सव्वा महिना आम्ही दोघं एकमेकांना फोन करत नाही, ते ह्यामुळे. तुला वाटतं मी रागावलोय. रागावलोय खरा, पण दाजींवरचा राग मोजला तर त्यातला अर्धा माझ्याच नावाचा निघेल.

तू म्हणालीस, तुजं काय जातंय. ताई, मेल नाहीसा झाला तर माझं काहीच जात नाही, उलट भलंच होतं. मेल नसेल तर माझी नजरचूक. सव्वीस डब्यांत एक हुकला, सुटा माणूस, हाकलून द्या, संपलं. मेल असेल तर मला ठाऊक होतं आणि मी लपवलं. दाजींचंही तसंच. आपल्या घरातल्या दोघांनाही मेल नसलेलाच बरा. तो फक्त अनंताला हवाय, आणि त्याला तो आहे हेच माहीत नाही.

गुरुवारी मी 'बघतो' म्हणालो तेव्हा खरं सांगू, मला सुटल्यासारखं वाटलं होतं. वाटलं, बहिणीने सांगितलं, बहिणीसाठी केलं, असं आयुष्यभर म्हणता येईल. तुझ्या पदराआड उभं राहायची मला सवयच आहे. बाबांचा मार पण तूच खायचीस.

काल शनिवारी बाजारातल्या दुकानातून तिन्ही कागद छापून घेतले. माझा पहिला रिपोर्ट, दाजींना केलेला मेल पूर्ण, शेवटच्या ओळीसकट, आणि पाच बाराची पोच. एक संच चौकशीच्या साहेबांना पाठवला. दुसरा अनंताला. त्याच्यासोबत चिठ्ठी लिहायला बसलो होतो. 'मित्रा' एवढं लिहिलं आणि ते खोडलं. शेवटी नुसते कागद घातले. येसाजी म्हणाला, "आता तुला कुठल्याच बंदरावर कोण उभा करणार न्हाय." त्याच्या बोलण्यात काही खोटं नाही.

तुला विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस आणि मी ऐकलं असतं. दाजींची नोकरी जाईल. कदाचित जास्तही काही होईल. ते माझ्या हातून झालं, हे तू धर. मी ते नाकारणार नाही. तू माझ्याशी बोलली नाहीस तरी मला त्याचं उत्तर मागायचा हक्क नाही.

एक मात्र कर. अठ्ठावीसला अजून दिवस आहेत. हे पत्र वाचून झाल्यावर दाजींना सांग, आणि त्यांना घेऊन अनंताकडे जा. नारळपाणी नको. साहेबांनी कागद पुढे ठेवल्यावर कबूल केलं तर ते सापडलेले. आधी स्वतः जाऊन सांगितलं तर निदान सांगणारे. दोन्हींत पुष्कळ फरक आहे, मी कालच बघितला. ते ऐकणार नाहीत असं वाटलं तर हे पत्रच त्यांच्या हातात दे.

मी सत्तावीसला येतोय. तुझ्याकडे उतरत नाही, दुसऱ्या दिवशी थेट चौकशीला जाईन.

तुला नेहमी नुसतं 'निक्या' लिहून पाठवतो. आज पूर्ण नाव लिहितो, म्हणजे हा कागद कुणी पुढे केला तर हे अक्षर कुणाचं म्हणून तुला विचारायला नको.

तुझा धाकटा भाऊ,
निकेत चांगदेव घरत