संदर्भसूचीतली एक नोंद

प्रिय ठमे,

दिला! काल दुपारी पावणेचारला माझा लघुप्रबंध दिला. विभागाच्या कचेरीत, खिडकी क्रमांक दोन, तीन प्रती. कारकूनबाईंनी शिक्का मारला आणि मान वर न करताच विचारलं, "विद्यार्थी कुठाय? सही त्याचीच लागते." मी म्हटलं, मीच विद्यार्थी. तेव्हा कुठे त्यांनी चष्मा सारखा केला आणि शेजारच्या टेबलांवरच्या दोघांना हाक मारून मला दाखवलं. चौसष्टाव्या वर्षी माणूस प्रेक्षणीय होतो, हे मला माहीत नव्हतं.

फोनवर सांगता आलं असतं. पण हल्ली प्रबंधाचं नाव काढलं की तू माझ्या गुडघ्यांची चौकशी सुरू करतेस. म्हणून पत्र.

पस्तीस वर्षं मी आपल्या दुकानात लोकांचे प्रबंध बांधले. पुठ्ठा कापायचा, पानं शिवायची आणि खळ वाळेपर्यंत हातातलं वाचत बसायचं. जगाचा बराच इतिहास मी असा खळ वाळेपर्यंत वाचलाय, त्यामुळे त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा शेवट मला ठाऊक नाही. वाटायचं, हे तर आपणही लिहू. एम. ए.ला नाव घातलं तेव्हा तू हसून हसून बेजार झाली होतीस. मग कळलं, बांधणं वेगळं आणि लिहिणं वेगळं. माझ्या मार्गदर्शक बाई तुझ्याहून चार वर्षांनी लहान, पण पेन्सिल हातात घेतली की माझी बोबडी वळते. प्रत्येक पानावर एकच प्रश्न: "काका, पुरावा?"

पूल होण्याआधी नदीवर होड्या चालवणाऱ्यांवर लिहायचं, हे तुला माहीत आहेच. त्यातला एकच नावाडी आता हयात आहे, शहाऐंशी वर्षांचा. त्याने सांगितलं, एकदा आम्ही अख्खी शाळा पलीकडे नेली, बाकांसकट. बाई म्हणाल्या, पुरावा? अकरा दिवस मी नगरपालिकेच्या दप्तरखान्यात शिंकत बसलो. बाराव्या दिवशी शाळा तपासणीच्या वहीत एक ओळ सापडली: "बाके बेचाळीस, होडीने पोहोचली. पैकी दोन ओली." ठमे, मी खुर्चीवरून उठून ओरडलो! तिथल्या शिपायाला वाटलं, मला विंचू चावला. ती ओळ उतरवून मी धावतपळत नावाड्याकडे गेलो, वाचून दाखवली. त्याने कपाळाला आठ्या घातल्या. "दोन? साफ खोटं. तीन होती." तळटीपेत दोन्ही आकडे दिलेत.

शुद्धलेखन तुझ्या आईने तपासलं. पहिल्याच प्रकरणात तिला छत्तीस चुका सापडल्या आणि त्या तिने शेजारणीला मोजून दाखवल्या. प्रस्तावनेत तिचे आभार मानलेत, तो परिच्छेद मात्र दोनदा वाचून "हा अगदी बरोबर आहे" म्हणाली. त्यात दोन चुका होत्या. मी तशाच ठेवल्या.

शेवटी राहिली संदर्भसूची. एकसष्ट नोंदी. त्यातली एक मी सगळ्यात आधी लिहून ठेवली होती: तुझा प्रबंध. बंदरांवरच्या बाजारांबद्दल तू जे लिहिलं आहेस म्हणाली होतीस, ते माझ्या दुसऱ्या प्रकरणाला हवंच होतं. शिवाय बापाने लेकीचा आधार घ्यायचा आणि तोही छापील, याची मजा काही और. बाई म्हणाल्या, वर्ष आणि पानांचे आकडे लागतील. तुला विचारलं असतं तर गंमत गेली असती, म्हणून तुझ्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाला परस्पर पत्र टाकलं. आठ दिवसांत उत्तर आलं: या नावाचा प्रबंध दाखल नाही. त्यांच्याच शोधण्यात गफलत झाली असेल म्हणून मी जरा रागानेच पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच उत्तर आलं.

पहिल्या दिवशी मी ती दोन्ही उत्तरं शेजारी ठेवून पुन्हापुन्हा वाचली. दुसऱ्या दिवशी आठवलं, दुसऱ्या प्रकरणात मी चार महिने रुतून बसलो होतो आणि दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला "झालंच" म्हणून सांगत होतो. "झालंच"पासून "झालं" एका पावलावर असतं गं. थकलेलं माणूस ते टाकून मोकळं होतं आणि मग मागे येता येत नाही. दोन वर्षं तू एकटीने हे कसं वागवलंस, याचंच मला वाईट वाटतं. तू "झालं" म्हणालीस तेव्हा आनंदाने आईने सगळ्या शेजाऱ्यांना जेवू घातलं होतं; ते जेवण परत मागायला कुणी येणार नाही. आईला मी काही सांगितलेलं नाही, ते तुझं तू सांग. ती नोंद सध्या काढून ठेवली आहे. तुझ्या नोंदणीची मुदत अजून चौदा महिने आहे, हेही मी तुझ्या विभागाला लेखी विचारून घेतलंय. आता मी रिकामाच आहे. सोमवारी सकाळच्या बसने येतो. बाहेरच्या खोलीत राहीन, स्वयंपाक करीन, बेल वाजली तर दार उघडीन. काय लिहिलंस, किती लिहिलंस, काहीही विचारणार नाही. नको असेन तर शनिवारपर्यंत कळव. नाही कळवलंस तर बॅग भरतो.

तुझाच, वर्गातला सगळ्यात म्हातारा विद्यार्थी,
बाबा